सोनपेठच्या गाडीतला बर्फ

चिपळुणात कुणाला "परभणीकडे जाऊन आलो" म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "कशाला?" तिकडे समुद्र नाही, डोंगर नाही, आणि आमच्या माणसाला आंबे-फणस-मासे यांच्यापलीकडे जग असलं तरी ते उठून बघायला जावं असं वाटत नाही. मीही काही हौसेनं गेलो नव्हतो. मला तिथून एक गाडी आणायची होती.

गाडी कुसुमआत्याची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नर्स म्हणून नोकरीला लागली ती थेट परभणी जिल्ह्यात. तिथंच लग्न केलं, सोनपेठला घर बांधलं, आणि पंचेचाळीस वर्षांत इतकी तिकडची झाली की आता आमच्याकडे आली की माशाच्या कालवणाला "मिरची मोजून घालता काय रे?" म्हणून नावं ठेवते. सोनपेठात गाडी चालवणारी पहिली बाई आपण, असं ती सांगते आणि सोनपेठातलं कुणी ते खोडून काढत नाही. गाडी छोटी, पांढरी, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. काका गेले, नोकरी संपली, तरी आत्या रोज सकाळी ती काढून आसपासच्या खेड्यांत जायची. कुणाची पट्टी बदल, कुणाचं बीपी बघ, कुणाच्या सुनेला नीट जेवत नाही म्हणून झाप, असा तिचा कार्यक्रम.

पण तीन हिवाळे झाले, गाडी तिच्या हातात बंद पडायला लागली होती. कधी चौकात, कधी चढावर, एकदा तर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या तोंडाशी. गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी चालायची. तिथल्या पोरांनी चार-पाच वेळा उघडून बघितली आणि शेवटी आत्याच्या मुलाला, पुण्याच्या महेशला, फोनवर सांगितलं की गाडीत काही दोष नाही. गाडीत नाही म्हटल्यावर मग उरलं कोण? आत्याचं वय अडुसष्ट, त्यात मधुमेह. पाय आता क्लच-ॲक्सिलेटरचा अंदाज घेत नाहीत, असं महेशनं ठरवलं, आणि वाईट म्हणजे आत्यालाही ते पटलं. मग मला त्याचा फोन आला, "विनूदादा, गाडी तू घेऊन जा. समोर दिसली की ती काढणार. तू इंजिनिअर आहेस, तुझ्याकडे नीट राहील."

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. पण आमच्या घराण्यात इंजिनिअर म्हणजे ज्याला इंजिन कळतं तो. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही, कारण त्यात फार मान असतो.

पिंगळी

पिंगळीला मला जायचंच नव्हतं. परभणी स्टेशन आलं तेव्हा मी वरच्या बर्थवर दोन चादरी आणि एक टॉवेल पांघरून मेल्यासारखा झोपलो होतो. जाग आली तेव्हा गाडी क्रॉसिंगसाठी एका लहानशा स्टेशनात उभी होती आणि पाटीवर पिंगळी लिहिलेलं होतं. सामान घेऊन उडी मारली. बाहेर धुकं इतकं दाट की फलाटाचं दुसरं टोक दिसेना. मराठवाडा म्हणजे ऊन, असं डोक्यात घेऊन मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आलेला. दात वाजायला लागले.

स्टेशनाबाहेर दोघे-तिघे काटक्या पेटवून बसले होते. त्यांनी न विचारता सरकून जागा दिली. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी "कुठले? कुणाकडचे?" विचारून मग जागा मिळते. इथं आधी जागा मिळाली, मग चौकशी झाली, पण ती अशी झाली की माझं लग्न, पगार आणि वडिलांचं दुखणं दहा मिनिटांत सगळ्यांना पाठ.

"सोनपेठ? आन् मग हिकडं कामून उतरलाव?" एकानं विचारलं.

"झोप लागली."

"लागतीच. थंडी लय हाय," तो म्हणाला. तेवढ्यावर माझा मूर्खपणा माफ झाला. मेथीच्या गड्ड्या घेऊन परभणीला निघालेल्या एका टेम्पोत त्यांनीच मला बसवून दिलं. परभणीपर्यंत मी मेथीत, तिथून सोनपेठपर्यंत एसटीत. एसटीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ती पोचली.

सोनपेठ

आत्यानं दारातच माझ्या अंगाकडे बघितलं आणि काकांचा जुना स्वेटर आणून दिला. मग ताट. इथं "जेवणार का?" असं विचारत नाहीत, ताटच येतं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी पहिल्या घासाला नाकातून पाणी काढते आणि तिसऱ्या घासाला सोडवत नाही. मी सवयीनं भाताची वाट बघत होतो.

"भात कामून पायजे?" आत्या म्हणाली. "तुला ताप आलाय व्हय?"

दुपारी गाडी काढली. धूळ पुसलेली, सीटवर धुतलेलं कव्हर. लेक सासरी पाठवताना सजवतात तशी तिनं ती आवरून ठेवली होती. लख्ख ऊन पडलं होतं. मी बाजारातून, स्टँडवरून, थेट गावाबाहेरच्या कपाशीपर्यंत चक्कर मारून आलो. गाडी एकदाही अडखळली नाही. परत आलो तर आत्या फाटकात उभी होती.

"बघ," ती म्हणाली, "तुझ्या हातात कशी गुणाची चालायलीय."

ती हसत म्हणाली, पण मला ते ऐकवेना. चोरी करायला आल्यासारखं वाटलं. म्हणून तिनं जेव्हा सांगितलं की उद्या वालूरला प्रयागबाईकडे हुरड्याचं बोलावणं आहे, प्रयागबाई तिची नोकरीतली मैत्रीण, आणि एवढी एक फेरी होऊ दे, मग परवा गाडी ने, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

वालूरची वाट

पहाटे उठून आत्यानं सुशीला केला. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे परततात तो सुशीला. तो खाऊन आणि चहाचा थर्मास घेऊन आम्ही साडेसहाला निघालो. चालवायला मी, शेजारी आत्या, मांडीवर प्रयागबाईसाठी आमसुलांची पिशवी. धुकं कालच्यासारखंच. दिव्यांच्या उजेडात समोर फक्त पांढरा पडदा, आणि त्यातून मधूनच उसाची ट्रॉली अंगावर यायची.

आठ-दहा किलोमीटर बरे गेले. मग ॲक्सिलेटर दाबला तरी गाडीत जोर येईना. गोदावरीच्या पुलावर, अगदी मधोमध, दोन आचके दिले आणि बंद. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न. किल्ली फिरवतोय, फिरवतोय, इंजिन नुसतं खोकतंय. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानं आणि मी ढकलत गाडी पुलाच्या टोकाला नेली. आत्या स्टिअरिंगला बसली होती. पाच-सात मिनिटं थांबलो, किल्ली फिरवली आणि काहीच न घडल्यासारखी चालू झाली.

पुन्हा आठ किलोमीटर. पुन्हा जोर गेला, पुन्हा आचके, पुन्हा बंद.

मी बडबडत होतो, पेट्रोलमध्ये पाणी असेल, चोक जास्त ओढला गेला असेल. मी वळून बघितलं तर आत्याचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. ती वाकून माझ्या पायांकडे बघत होती.

"विनू," ती हळूच म्हणाली, "तुझे पाय तर बरे हायेत ना रे?"

"ठणठणीत आहेत."

"तुझ्या हातात बी तशीच पडायलीय."

त्या वाक्यात काय होतं ते मला तेव्हा अर्धवटच कळलं. तोवर गाडी तिसऱ्यांदा मरायला लागली होती. पाथरीच्या अलीकडे एका फाट्यावर चहाची टपरी आणि तिला लागून पत्र्याचं गॅरेज दिसलं. तिथपर्यंत घरंगळत नेली आणि बरोबर त्याच्या दारात ती बंद पडली.

शेषेराव मिस्तरी

गॅरेज ट्रॅक्टरचं आणि पाण्याच्या इंजिनांचं होतं. मालक शेषेराव मिस्तरी मफलर गुंडाळून दात घासत होते. आत्याला बघून त्यांनी चूळ भरली. "सिस्टरबाई, तुमी? आमच्या थोरल्याच्या वक्ताला तुमीच हुत्या की."

"तवा तू लय रडायला होतास," आत्या म्हणाली. "आता गाडी बघ."

मी लक्षणं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. "जरा सबूर, साहेब. गरम हाय तवरच बगू द्या. थांबलं की दुखणं पळून जातंय असल्या गाडीचं."

इथंच सगळी मेख होती. आजवर ही गाडी प्रत्येक मिस्तरीकडे दुपारी, टोचन लावून ओढत, निवांत गेलेली. मरताना तिला कुणी बघितलंच नव्हतं. शेषेरावांनी बोनेट उघडलं, एअर फिल्टरचं झाकण भराभर काढलं आणि म्हणाले, "या, बगा."

कार्ब्युरेटरच्या घशात, जिथून हवा आत जाते तिथं, पांढरं काहीतरी बसलं होतं. मी बोट लावलं. बर्फ. पोहे-चुरमुऱ्याइतकाच, पण बर्फ. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात नळाचं पाणी भाजतं, तिथं गाडीच्या पोटात, तेही चालत्या इंजिनात, बर्फ. मला हसूच आलं.

"आता हितं हात लावा." त्यांनी कार्ब्युरेटरखालची जाड नळी दाखवली. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनात जातात ती ही वाट, मॅनिफोल्ड म्हणतात तिला. वीतभर अंतरावर इंजिन तापलेलं, आणि ही नळी मात्र गार, वरून घामेजलेली.

"पेट्रोल हवेत उडालं की गारठा करतंय," शेषेराव सांगायला लागले, पण आत्यानं वाक्य त्यांच्या तोंडातून घेतलं.

"इंजेक्शनाच्या आदी स्पिरिटचा बोळा फिरवला की कातडं गार पडतंय, तसंच ना? उडून जाताना ऊब घेऊन जातंय ते."

"बराबर. आन् आज हवेत पानी किती हाय, बगा की. त्या गारठ्यानं ते पानी घशात गोठतंय, हवा कोंडती. खाली नळी बी गार, म्हून पेट्रोल उडायच्या ऐवजी थेंब थेंब हून भिंतीला चिकटतंय. इंजिनाला कधी उपास, कधी एकदम घोट. बंद पडंल न्हाई तर काय."

"मग कंपनीला हे कळत नाही?" मी विचारलं.

"कळतंय की. म्हून तर रेडिएटरचं गरम पानी ह्या मॅनिफोल्डच्या पोटातून फिरवलेलं असतंय. इंजिनाची ऊब फुकट जायची ती हितं कामाला लावायची." त्यांनी बॅटरी मारून खाली बघितलं. "हितं ती वाटच बंद हाय. दोनी नळ्या काढून एकमेकीला सरळ जोडल्यात. मॅनिफोल्डला पानी शिवतच न्हाई." ते उठले, हात पुसले. "लय शहाण्या माणसाचं काम हाय हे."

टपरीवाल्यानं नुकताच माझ्या हातात चहा दिला होता. तो मी तसाच बाकावर ठेवून दिला.

कारण तो शहाणा माणूस मला माहीत होता. तीन हिवाळ्यांच्या आधी एका मे महिन्यात मी सोनपेठला आलो होतो. गाडीची एक नळी फाटून पाणी गळत होतं. तिथला मिस्तरी म्हणाला होता, तसलीच वाकडी नळी परभणीहून येईल, चार दिवस लागतील. आत्याला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. आणि मी, घराण्यातला इंजिनिअर, हातात पन्ह्याचा ग्लास घेऊन म्हणालो होतो, "अहो, या उन्हात बोनेटवर पापड भाजतील. इथं आणखी गरम पाणी कशाला फिरवायचं? सरळ जोडून टाका." सगळे हसले होते. मिस्तरीलाही ते पटलं होतं. उन्हाळाभर गाडी मजेत चालली, आणि मी ते विसरूनही गेलो.

हिवाळा इथंही येतो, ही गोष्ट चिपळूणच्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती.

शेषेरावांनी टपरीवरून उकळतं पाणी आणवलं, मॅनिफोल्डवर फडकं गुंडाळून त्यावर हळूहळू ओतलं. किल्ली फिरवताच गाडी गुरगुरली. "आता ऊन येतंय, काय हुयाचं न्हाई. वालूरहून येताना थांबा, नळी आणून ठेवतो." आत्या त्यांना बरं म्हणाली. पुढचा सगळा रस्ता मी उसाबद्दल बोलत होतो.

वालूर

हुरडा म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनी एकदा खाऊन बघावं. ज्वारीचं कणीस दाणे दुधात असतानाच काढतात, शेतातल्या खड्ड्यात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात आणि गरम गरम हातावर चोळून दाणे मोकळे करतात. बरोबर तिळाची चटणी, दही, गूळ. प्रयागबाईंच्या शेतात आम्ही पोत्यांवर बसलो होतो, ऊन पाठीवर आलं होतं, आणि प्रयागबाई माझ्या ओंजळीत एकामागून एक घाणे ओतत होत्या. इतकं गोड खाणं माझ्या आयुष्यात इतकं बेचव लागलेलं नाही.

गप्प बसलो असतो तर चाललंही असतं. नळी बसणारच होती. आधीची काढली कुणी, हे कुणी विचारणार नव्हतं. हे मी पाच-सहा घाण्यांपर्यंत स्वतःला समजावत होतो. मग प्रयागबाई ताक आणायला झोपडीकडे गेल्या आणि मी एका दमात बोललो.

"आत्या, ती गरम पाण्याची वाट मी बंद करायला सांगितली होती. तो मे महिना, आठवतो? तुझे पाय ठीकच होते. चूक माझी."

आत्या निखाऱ्यातली कणसं फिरवत होती. ती फिरवतच राहिली.

"आठवलं मला," ती म्हणाली. "मिस्तरीनं विचारलं तवाच. तू कधी सांगतूस ते बगत हुते."

मी मान खाली घातली.

"नर्स हाय ना मी. साखरेनं पाय बधिर हुतात, मला ठावं. पहिल्यांदा चौकात बंद पडली, त्या दिवशी घरी आले आन् सुई घेतली. तळव्याला टोचून बघितलं. दुखलं. मग दर आठवड्याला बघायचे. अंगठा, टाच, चवडा. दर बारीला दुखायचं." ती थांबली. "आन् तरी मी गाडीवर इश्वास ठेवला रे. माझ्या पायावर ठेवला न्हाई."

मला रडू आलं. निखाऱ्याचा धूर डोळ्यांत जातोय असं मी प्रयागबाईंना सांगितलं, आणि त्यांनी मला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलं.

परतताना शेषेरावांची नळी तयार होती. मी त्यांनाही सांगून टाकलं की तो शहाणा मीच. ते हसले नाहीत. पाना माझ्या हातात दिला. "मग ह्ये क्लिप तुमीच आवळा, साहेब." बोटं सोलली, पण दोन्ही क्लिपा मीच आवळल्या. इंजिन तापल्यावर त्यांनी माझा हात धरून मॅनिफोल्डवर ठेवला. चांगलंच गरम होतं.

गंगाखेड

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आदल्या दिवसाहून दाट. मी बॅग घेऊन बाहेर आलो तर आत्या चालकाच्या जागेवर बसलेली, स्वेटरवर शाल, चष्मा पुसलेला. "गंगाखेडला रेल्वेवर सोडते," ती म्हणाली. मी शेजारी बसलो. पहिले काही किलोमीटर आम्ही दोघंही इंजिनाचा आवाज ऐकत होतो. आठ झाले, दहा झाले, पंधरा झाले. उसाच्या एका ट्रॉलीला तिनं झोकात मागं टाकलं आणि काचेतून तिच्या चालकाकडे बघितलंही. गाडी कुठं आचकली नाही. स्टेशनापर्यंत एकदाही नाही.

उतरल्यावर तिनं मला थांबवलं. "आता महेशला फोन लाव. तू सांग. मी सांगितलं तर म्हातारी हट्ट करायलीय म्हणंल. इंजिनिअरचं ऐकंल."

मी फोन लावला. बर्फ, नळी, मे महिना, माझं पन्हं, सगळं सांगितलं. आत्या खिडकीच्या काचेवर हात ठेवून ऐकत होती. महेश म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं आईचं काहीच चुकत नव्हतं?"

"काहीच नाही."

"अरे, पण दादा, वय तर झालंच आहे ना. एवढ्या धुक्यात... आपण बसून नीट ठरवू. तोवर गाडी—"

आत्यानं घड्याळ बघितलं. वाटेतल्या गावात एका म्हातारीच्या पायाची पट्टी बदलायची होती, आणि ते ऊन चढायच्या आधी. "तुमी दोघं ठरवत बसा," ती मला म्हणाली, काच वर केली आणि पहिला गिअर टाकला.

"दादा, ऐकतोयस ना?" महेश विचारत होता. "आई आहे ना तिथं? तिला दे जरा."

पांढरी गाडी पांढऱ्या धुक्यात शिरेपर्यंत मी बघत राहिलो.

"ती कामाला गेली," मी सांगितलं.